नदीवर सांगितलेली अर्धी गोष्ट

बहिणीला जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा ओंटारिओतल्या केंब्रिजहून मेहुण्यांचा फोन आला. शाळेच्या मार्च ब्रेकमध्ये मुलांना आर्क्टिकला न्यायचं ठरवलंय, म्हणाले. इनुविकला. तिथे वाटाड्या बरोबर देऊन स्नोमोबाईलवरून गोठलेल्या नदीवर फिरवून आणतात.

"तिच्या फार मनात होतं, दादा. पण त्यांचा नियम असा आहे की एका गाडीवर चालवायला एक मोठं माणूस आणि मागे एकच मूल. दोन मुलांना दोन मोठी माणसं हवीत. मी एकटा कमी पडतो."

मी लगेच हो म्हटलं. पलीकडून त्यांनी "नक्की ना?" असं दोनदा विचारलं. मी इतक्या सहज तयार होईन असं त्यांना वाटलं नसावं.

मला त्या माणसाचा सूड घ्यायचा होता. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केलेला, एकटा राहणारा, सहसा आवाज न चढवणारा माणूस. सस्काटूनच्या मराठी मंडळात लोक मला 'अजातशत्रू' म्हणत. त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करताना एकच वाक्य मनात घोळवत होतो. ते मेहुण्यांच्या मुलीला सांगायचं होतं.

कारण असं. माझ्या धाकट्या बहिणीला डिसेंबरमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि मे महिन्यात ती गेली. या पाच महिन्यांत मला कोणी काहीही कळवलं नाही. ती दर रविवारी मला फोन करायची, तशीच करत राहिली. आम्ही दोघं एकच मराठी पुस्तक एकाच वेळी वाचायचो, पुण्याहून दोन प्रती मागवून, आणि रविवारी त्यावर भांडायचो. व्हिडिओवर ये म्हटलं की म्हणायची, "नको रे दादा, आत्ताच न्हायलेय, केस ओले आहेत." केस नव्हतेच. एका रविवारी मी तिला म्हटलं, "महिनाभरात फक्त चाळीस पानं? आळशी झालीस तू." ती हसली. त्या हसण्यानंतर तिला लागलेली धाप मी सर्दीची समजलो.

मग मे महिन्यात एका सकाळी मेहुण्यांचा फोन : "दादा, असाल तसे निघून या." मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ती औषधांच्या गुंगीत होती. दोन दिवस मी शेजारी बसलो. तिने डोळे उघडले नाहीत. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मी मेहुण्यांना विचारलं, "का?" ते म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून."

सस्काटूनहून टोरंटो विमानाने साडेतीन तासांवर आहे. पाच महिन्यांत मी वीस वेळा येऊ शकलो असतो.

मला फार काही नको होतं. मी ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहत होतो, त्या नजरेने त्यांच्या मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहावं, एवढंच. मुलगी तेरा वर्षांची होती आणि आई गेल्यापासून बापाच्या अंगाला चिकटलेली असे. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला यातून वगळायचं मी ठरवलं होतं. इतपत दया माझ्यापाशी शिल्लक होती.

एडमंटनच्या विमानतळावर आम्ही भेटलो. मेहुणे लांबूनच हात उंचावून म्हणाले, "या दादा! सस्काटूनवाल्यांना काय, हे म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीला निघाल्यासारखं." मुलगा येऊन बिलगला. मुलीने मात्र बापाच्या दंडामागूनच "हाय मामा" म्हटलं. वर्षभर ती माझ्याशी असंच तुटक वागत होती. मी ते दुःखाच्या खात्यात टाकलं होतं.

इनुविकला उणे एकतीस होतं. सकाळी आम्हाला एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. आमची वाटाडी पन्नाशीची, तिथलीच बाई होती, कमी बोलणारी. तिने आम्हाला रांगेत उभं करून आधी आतले कपडे तपासले.

"हे काय?" तिने मेहुण्यांच्या पँटच्या आतून डोकावणारी जीन्स चिमटीत धरली.

"एक्स्ट्रा लेयर," मेहुणे अभिमानाने म्हणाले.

"सुती आहे. घाम धरून ठेवेल आणि तुम्हाला गोठवेल. काढा."

"दादा, बघा," ते मराठीत मला म्हणाले, "कॅनडात पंचवीस वर्षं काढली आणि एका बाईने पहिल्या भेटीत पँट काढायला लावली." मुलगा खिदळला. मुलगीही हसली. मी हसलो नाही. त्यांचं हे विनोद करणं मला त्या दिवसांत सहन होत नसे. ज्याची बायको जाऊन वर्षही झालं नाही अशा माणसाला विनोद सुचतातच कसे, असं मी मनात म्हणत असे.

बाईने माझ्या चष्म्याची धातूची काडी पाहून मान हलवली आणि गालांवर, नाकावर त्वचेच्या रंगाच्या पट्ट्या चिकटवल्या. म्हणजे धातू टेकून कातडी गोठायला नको. "मामा, यू लुक लाईक ॲन इजिप्शियन मम्मी," मुलगा म्हणाला. मग जाड सूट, बूट, हेल्मेट. शेवटी बाईने नियम सांगितले. पुढे मी, माझ्यामागे तुम्ही, तुमच्यामागे तुम्ही. हात वर केला की थांबायचं. आणि दर थोड्या वेळाने मागे वळून पाहायचं. "मागचा माणूस ही पुढच्याची जबाबदारी. तो दिसला नाही तर जागीच थांबायचं. पुढे जायचं नाही." मधली गाडी मेहुण्यांची, मागे मुलगा. शेवटची माझी, मागे मुलगी.

नदीवर उतरलो तेव्हा सूर्य क्षितिजाच्या जरासाच वर होता आणि दोन्ही काठांची खुरटी झाडं निळसर दिसत होती. मला गाडी चालवणं जमेल की नाही अशी भीती होती. पण अंगठ्याने दाबायचं आणि सोडायचं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. मेहुणे नियमाप्रमाणे सारखे मागे वळून पाहायचे आणि हात करायचे. माझ्या पाठीमागून मुलगी दर वेळी हात उंचावून उत्तर द्यायची. मला ते दिसत नव्हतं, पण तिचा एक हात माझ्या कमरेवरून सुटायचा, तेव्हा कळायचं. मी ते मोजत होतो. हे अजून थोडा वेळच, असं स्वतःला सांगत होतो.

तासाभराने बाई थांबली. तिथे बर्फाखाली तिच्या भावाने मासे धरायचं जाळं सोडलेलं होतं. ते ओढायला तिने मेहुण्यांना आणि मुलाला बरोबर नेलं. मुलीची बोटं गारठली होती, म्हणून ती माझ्याजवळ गाडीच्या आडोशाला बसली. मी थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला. बापलेक हाकेच्या अंतरावर वाकून बर्फ फोडताना दिसत होते.

मी माझं वाक्य म्हटलं.

"तुझी आई आजारी होती, हे तुझ्या बाबांनी मला पाच महिने कळू दिलं नाही. मला कळलं ते शेवटच्या दोन दिवसांत."

मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात, मी मराठीत बोलतो. तसंच आमचं चालतं. तिने कप खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "तुला माहीत होतं. बाबा म्हणाले, मामाला सांगितलंय, पण तो बिझी आहे. त्याला यायला जमत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं.

"आम्ही रोज विचारायचो," ती म्हणाली. "मला वाटलं, यू जस्ट डिडंट केअर. मी तुझा फोटो माझ्या भिंतीवरून काढला."

इतके महिने मी जो राग जपला होता, त्याला एका क्षणात दुप्पट वजन आलं. मला आनंद झाला, हेही लिहायला हवं. माझ्या हातात मी आणलं होतं त्याहून धारदार काहीतरी तिनेच ठेवलं होतं. मी शांतपणे म्हटलं, "मला ठाऊक असतं तर मी रोज तिच्याजवळ असतो. माझा फोन त्याच घरात वाजत होता. कोणीही सांगू शकलं असतं."

ती रडली नाही. मेहुणे दोन्ही हातांत एक लांबलचक मासा धरून आमच्याकडे येत होते. "बघ गं, आज आपलं सारस्वत जेवण!" असं ओरडत. मुलगी उठली, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि हेल्मेट घातलं.

परतीच्या वाटेवर मेहुणे पूर्वीसारखेच मागे वळून हात करत होते. माझ्या कमरेवरचे दोन्ही हात जागचे हलले नाहीत. चार-पाच वेळा असं झाल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि काही बिघडलंय का म्हणून चालत मागे आले. मुलगी म्हणाली, "आय ॲम फाईन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेल्मेटच्या काचेआडून मीही त्यांच्याकडे पाहिलं. तो माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या क्षणांपैकी एक होता. त्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

शेडमध्ये मुलं कपडे बदलून हॉट चॉकलेट घ्यायला पुढच्या खोलीत गेली. आम्ही दोघं बाकावर बसून बूट काढत होतो.

"काय सांगितलंत तिला, दादा?"

"खरं ते."

ते बराच वेळ बुटाचे बंद सोडत राहिले. मग खालीच पाहत म्हणाले, "मला कधीच सांगायचं नव्हतं. पण आता सांगतो. तुम्हाला कळवायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. मी नाही."

"तिच्यावर ढकलू नका."

"मी तिला म्हटलं, अगं, दादांना नको का कळायला? एकदा नाही, दर आठवड्याला म्हटलं. तर म्हणाली, त्याने मला अकरा दिवस कळू दिलं नव्हतं. कळू दे त्यालाही, कसं वाटतं ते." त्यांनी बूट बाजूला ठेवला. "मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी फोन हातात घेतला होता. तिने तो काढून घेतला. म्हणाली, माझी परीक्षा संपू दे. मग सांगा."

ते खोटं बोलत नव्हते. ते वाक्य त्यांना रचता आलं नसतं.

आमचे वडील गेले तेव्हा बहीण पुण्याला हॉस्टेलवर होती, एम.एस्सी.चे शेवटचे पेपर देत होती. मी घरातला मोठा. नागपूरला जमलेल्या सगळ्यांना मीच बजावलं, तिला कळवायचं नाही, वर्ष वाया जाईल. आपल्याकडे असंच करतात. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. काकांनी तर माझी पाठ थोपटली. अकरा दिवस मी तिला वडिलांच्या नावाने खुशालीची पत्रं पाठवत होतो, कारण ती दोन दिवसांआड पत्राची वाट पाहायची. बाराव्या दिवशी ती घरी आली ती वडिलांसाठी घेतलेल्या कोल्हापुरी चपला हातात धरून. दारातूनच तिने "बाबा" म्हणून हाक मारली. समोर भिंतीला हार घातलेला फोटो होता.

तिला फर्स्ट क्लास मिळाला. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा चारचौघांत सांगत आलो. कॅनडात आल्यावरसुद्धा, गणपतीच्या जेवणांत, तिच्यासमोर. "मी सांगितलं नाही म्हणून हिचा फर्स्ट क्लास आला." लोक मान डोलवायचे. ती पानात वाढायला उठून जायची. तिने मला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. मला वाटे, ती विसरली.

"मग मुलांना खोटं का सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मी येत नाही म्हणून?"

"ते माझं चुकलं. धाकटा रोज म्हणायचा, मामाला बोलवा, मामाला बोलवा. तिच्यासमोर म्हणायचा. मला काही सुचलं नाही." मग ते म्हणाले, "तुम्ही सांगा थोरलीला. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी मेलेल्या आईच्या नावावर खपवतोय. तुमचं ती ऐकेल."

"सांगेन," मी म्हटलं.

त्या दिवशी मी सांगितलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. मुलीने आपली खुर्ची उचलून टेबलाच्या माझ्या बाजूला आणली. मेहुण्यांनी तिच्याकडे ब्रेडची टोपली सरकवली, तर तिने ती भावापुढे ढकलली. त्यांनी एक विनोद केला. कोणीच हसलं नाही. मग ते विनोद करायचे थांबले. दोन-तीनदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी माशाचे काटे काढत राहिलो. मी मनाला सांगत होतो की पोरीच्या मनातली आईची मूर्ती आपण कशाला तडकवायची. पण ते तितकंसं खरं नव्हतं. मला बहिणीचा राग आला होता. तो जाणार कुठे? ती तर गेली होती. म्हणून तो मी समोर बसलेल्या माणसावरच काढत होतो, आणि आता तो माणूस निम्म्याने तरी निर्दोष आहे हे ठाऊक असूनही काढत होतो. मुलगी झोपायला गेली तेव्हा तिने मला "गुड नाईट मामा" म्हटलं. फक्त मला.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. इनुविकचा विमानतळ म्हणजे एकच दालन. त्यात पेंढा भरलेलं एक पांढरं अस्वल उभं केलेलं. मेहुणे मुलाचे त्या अस्वलाबरोबर फोटो काढत होते. मुलगी माझ्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"मामा, मी सप्टेंबरमध्ये ग्रेड नाईनला जाणार."

"हो, ठाऊक आहे मला."

"मी तुझ्याकडे येऊन राहू का? सस्काटूनमध्ये चांगल्या हायस्कूल्स आहेत. आय चेक्ड."

मी मागितलं होतं त्याच्या कितीतरी पट हे होतं. पहिल्याच क्षणाला मी दुसऱ्या खोलीतली पुस्तकं कुठे हलवायची, याचा विचार केला, इतकं ते मला गोड लागलं. मग मी समोर पाहिलं. मेहुणे फोन डोळ्यांसमोर धरून उभे होते, पण त्यांचं लक्ष मुलाकडे नव्हतं. ते फोनच्या वरून आमच्याकडे पाहत होते. काल दुपारपासून त्यांनी मला पुन्हा एकदाही विचारलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. अकरा दिवस, खुशालीची पत्रं, चपला, गणपतीच्या जेवणांतला माझा किस्सा. तिच्या आईने काय ठरवलं, आणि कोणत्या शब्दांत. मामा आला तरी हे त्याला सांगू नका, असं आईने बाबांना बजावलं होतं का, असं तिने विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं म्हटलं. आईचं बोलणं ऐकताना तिच्या चेहऱ्यावर धक्का दिसेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती, गणित समजून घ्यावं तशी.

"तुला हे कधी कळलं?" तिने विचारलं.

"काल. शेडमध्ये, कपडे बदलताना."

तिने समोर बाबांकडे पाहिलं. "काल मी बाबांना गुड नाईट म्हटलं नाही."

"हो."

"तू तिथेच होतास."

"हो."

"यू जस्ट वॉच्ड."

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "हो," मी म्हटलं. "आणि मला बरं वाटत होतं."

ती उठली. बापाच्या गळ्यात पडली वगैरे नाही. अस्वलापाशी जाऊन भावाशेजारी उभी राहिली आणि फोटोसाठी बापाकडे पाहिलं. मेहुणे फोन खाली धरून तिच्याकडेच पाहत राहिले. "बाबा, टेक इट," ती म्हणाली.

एडमंटनला आमच्या वाटा फुटणार होत्या. मेहुणे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आभारी आहे, दादा."

"आभार मानू नका," मी म्हटलं. "तिने सांगितलं म्हणून तुम्ही गप्प राहिलात, ते मी समजू शकतो. पण मला बोलावूनही मी येत नाही, हे तुम्ही स्वतःच्या मनाने सांगितलंत. ते मी विसरणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. आणि मग, बहुधा सवयीने, "वर्षश्राद्धाला याल ना?"

"येईन."

मुलाने मला घट्ट मिठी मारली. मुलगी चार पावलं लांब, पाठीवर बॅग घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तशी ती म्हणाली, "बाय." मामा म्हणाली नाही. सस्काटूनच्या शाळांचा विषय तिने पुन्हा काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. टोरंटोच्या गेटकडे जाताना ती बापाच्या बाजूने चालत होती, मध्ये भाऊ. मी तिला हाक मारली नाही. शिक्षा तिने सुनावली होती, आणि ती किती दिवसांची हे तिलाच ठरवायचं होतं.